बिननावाचा क्रूस

आज सणाच्या दिवशी आलात, तेव्हा बंदरावर एक गोष्ट तुमच्या नजरेला आलीच असेल. वाळूवर ओढलेल्या एकाही होडीवर नाव नाही. कालपर्यंत होतं, सकाळी चुना फासून झाकलं. आणि हा टेकाडावरचा काळ्या दगडाचा क्रूस बघा. आपल्याकडे क्रूसाच्या चौथऱ्यावर बांधणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. इथे नावाच्या जागी ओंजळीएवढा खळगा आहे. दरवर्षी कुणीतरी भला माणूस संगमरवरी पाटी घेऊन येतोच, स्वतःच्या नावाची. समजावता समजावता आमचं तोंड दुखतं. बसा, तुम्हालाही सांगते.

फार पूर्वी या बंदरावर एक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, होता म्हणे. त्याची होडी इथपासून डहाणूपर्यंत सगळ्यांत मोठी. तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या उंच टोकावर, त्याने स्वतःचंच नाव पांढऱ्या अक्षरांत रंगवलं होतं. पुढेमागे बंदरालाही आपलंच नाव पडावं, एवढीच त्याची इच्छा. हा क्रूसही त्यानेच उभारला, आणि त्यावर नाव कोरून घेतलं ते एवढं खोल, की क्रूसापेक्षा नावच आधी दिसे.

एकदा तो तुफानात सापडला. तीन दिवस शीड नाही, किनारा नाही. असं सांगतात, की तिसऱ्या दिवशी होडीत आपल्या शेजारी कुणीतरी येऊन बसलंय असं त्याला वाटलं. दिसलं काही नाही. पण सगळी भीती गेली. प्रभूच तो, याची त्याला खात्री पटली. होडी किनाऱ्याला लागली आणि ते जवळपण गेलं. मग त्याला चैन पडेना. घास गोड लागेना. तो पाद्रीकडे गेला नि म्हणाला, "फादर, ते जवळपण मला परत पायजे. काय करू?"

पाद्री परमुलुखातला, मराठी पुस्तकातून शिकलेला. होडीला तो नेहमी 'नाव' म्हणायचा. बाया मासळी निवडताना त्याची नक्कल करून हसायच्या. तो तांडेलाला एवढंच म्हणाला, "नाव सोड."

त्याच आठवड्यात पाद्रीची बदली झाली. पुढे तो तिकडेच वारला.

तांडेलाने होडी सोडली. शेजारच्या म्हातारीचा नवरा समुद्राने नेला होता, घरात दोन हाताशी आलेले मुलगे. तिला त्याने होडी देऊन टाकली, जाळ्यांसकट. घर भावाला दिलं आणि क्रूसाशेजारी झावळ्यांची खोप घालून राहिला. रोज सकाळी गुडघ्यावर बसायचा नि सुरुवात करायचा, "देवा, मी अमुक अमुक, ज्याने होडी दिली तो."

काही झालं नाही. एक वर्ष गेलं, तीन गेली, सात गेली. उपास केले, अनवाणी चालला, नवस बोलला, फेडला. देव जणू पाठ करून बसलेला. शेवटी तो क्रूसाशी भांडायला लागला. "सगळं दिलं ना? आता काय कातडं सोलून देऊ?" असं ओरडायचा, म्हणे. येणारेजाणारे थट्टा करायचे, "तांडेला, देव आज पण मासेमारीला गेलाय काय?" एकच गोष्ट त्याला धीर द्यायची. होडी परत येताना दिसली, की पोरंसोरं नाळेवरचं त्याचं नाव घेऊन आरडायची. तेवढ्यासाठी तो दुपारपासून टेकाडावर उभा असायचा.

आठव्या वर्षी म्हातारीने होडीला नवं तेल-डांबर करायला काढलं. अक्षरांवर पोपडे आले होते. तिने मुलांना ती खरवडायला सांगितली. तांडेल टेकाडावरून धावत आला. "नावाला हात लावायचा नाय! होडी दिली, नाव नाय दिलं!"

म्हातारीच्या हातात डांबराचा कुंचा होता. तिने तो खाली ठेवला.

"अरे भावा," ती म्हणाली, "पाद्री तुला नाव सोड म्हणाला. आणि तू होडी सोडलीस!"

सात वर्षं, एका शब्दासाठी! तांडेल रडला की हसला, याविषयी दोन मतं आहेत. मग त्याने कालवाचा शिंपला उचलला आणि नाळेवरचं एकेक अक्षर स्वतः खरवडलं. तिथून टेकाडावर आला नि हातात दगड घेऊन चौथऱ्यावरचं नाव घासायला बसला. ते काम कितीतरी दिवस चाललं. ज्या दिवशी शेवटची रेघ गेली, त्या दिवशी तो गुडघ्यावर बसला नि रोजची सुरुवात करू गेला. 'देवा' एवढंच तोंडातून आलं. पुढचं काही आठवेना. आठवायची गरजही वाटेना.

संध्याकाळी म्हातारी पेज घेऊन आली. तिने नावाने हाक मारली, त्याने वळून पाहिलं नाही. दोनदा मारली. मग ती म्हणाली, "भावा," तेव्हा त्याने मान वळवली. खोपीत तो एकटाच होता. पण सरकून त्याने शेजारी कुणासाठी तरी जागा ठेवली होती, असं ती मरेपर्यंत सांगत असे.

आजही या सणाला आम्ही होड्यांची नावं झाकतो, आणि दिवसभर कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही; सगळे भाऊ, सगळ्या बाया. चुकून तोंडातून नाव गेलं, तर विहिरीवरून कळशी आणून खळगा भरायचा. खळगा कधी कोरडा राहत नाही, त्यावरून समजा काय ते! मीही इथे एका मागण्यासाठी नऊ वर्षं मेणबत्ती लावतेय. अजून 'देवा, मी अमक्याची बायको, तमक्याची आई' इथूनच सुरुवात होते. कळतं, पण वळत नाही. वळेल.

आणि हो, मघापासून मी तुमचं नाव विचारलं नाही, ते एवढ्यासाठीच. सरका थोडं, भाऊ. शेजारी जागा ठेवा.