डाग न धरणारा अंगरखा

एका राज्यात सैन्याला शिपाई मिळेनासे झाले. युद्ध लांबले होते, आणि दवंडी आली की घरोघरचे तरुण शेताकडे निघून जात. तेव्हा राजा धैर्यकेतूने वज्रदंत नावाच्या मायावी शिंप्याला बोलावले. त्याने निळे अंगरखे शिवले. उंच गळपट्टी, चंदेरी बंद, खांद्यावर ससाण्याचे पीस. अंगरखा पाहताच तरुणाची पाठ आपोआप ताठ होई. घातला की तो चार बोटे उंच दिसे. छावणी भरली.

त्या अंगरख्याला धूळ लागत नसे, रक्तही नाही. शिपाई पडला की अंगरखा उडत राजाच्या कोठारात येई आणि घडी होऊन बसे. सकाळी तो दुसऱ्याला मिळे. कोठारात एकही फाटका अंगरखा दिसत नाही, म्हणून लोक म्हणत, या युद्धात कोणी मरत नाही.

सुभगा रंगारीणही तेच म्हणे. तिचा थोरला, चंद्रभान, सीमेवर होता. त्याचा निरोप येईनासा झाला होता, तरी त्याचे पान ती रोज मांडी. एके दिवशी धाकटा उदयभान निळ्या अंगरख्यात दारी आला.

"आई, बघ तरी. सावकाराची पोरगी वळून बघत होती."

"कालपर्यंत तुला शेंबूड पुसता येत नव्हता."

"हा घातल्यावर तो येतच नाही."

सुभगाने रीतीप्रमाणे नव्या वस्त्राच्या टोकाला हळदीकुंकवाचे बोट लावले. रंग घसरून जमिनीवर पडला. पुन्हा लावले, पुन्हा पडला. तिने अंगरखा उतरवायला सांगितले, बंद सुटेनात.

रंगाच्या हौदावर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "नवं वस्त्र बोट नाकारत नाही, बाई. हा आधी कोणी घातला होता. तो मेला. तुझा पोरगाही मरेल."

"उपाय?"

"तीन कामं. नागाच्या डोंगरावरून काळी तुरटी आण. बुडालेल्या देवळातलं पाणी आण. तिसरं मग सांगेन."

नागाने तिच्या केसांचा काळा रंग मागितला, तिने दिला. देवळाने तिची सावली ठेवून घेतली. तिने घागर भरली, आणि घरी येऊन ते पाणी व तुरटी रंगाच्या हौदात घातली. उदयभान हौदात गळ्यापर्यंत उतरला.

"चुण्या पडतील," तो कुरकुरला.

"पडू देत."

साळुंकी म्हणाली, "हा आधी कोणाच्या अंगावर होता, ते बोट लावलंस तेव्हाच तुझ्या हाताला कळलं. आता तोंडाने सांग. हेच तिसरं काम."

सुभगा बराच वेळ पाणी ढवळत राहिली. मग म्हणाली, "माझा चंद्रभान मेला."

निळ्या कापडावर, डाव्या छातीशी, तपकिरी डाग उमटला. मधोमध भाल्याचे भोक. बंद सुटले. त्याच क्षणी छावणीतल्या आणि कोठारातल्या अंगरख्यांवरही डाग उमटले, एकावर एक. तरुणांनी आपापली छाती पाहिली आणि अंगरखे उतरवून ठेवले. वज्रदंताची सुई वितळली. पुढे तो गोधड्या शिवू लागला.

राजाने कोठार पाहिले. मुकुट तिथेच ठेवून तो पायी निघाला. पहिले दार सुभगाचे.

"तुमचा चंद्रभान माझ्या युद्धात पडला."

"ठाऊक आहे. बसा." तिने पाणी दिले. "शेजारी जाल तेव्हा हळू सांगा. म्हातारीला अजून माहीत नाही."

शत्रूचा दूत तहाचा निरोप घेऊन आला, तेव्हा राजा त्या म्हातारीच्या ओसरीवर बसला होता. ती बोलत होती. दूत अंगणात थांबून राहिला.