कड्याचा ओ

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची, साळशेतचा कडा अजून बोलत होता तेव्हाची. आज तिथं जाऊन घसा बसेपर्यंत ओरडा, कडा ओळखसुद्धा दाखवणार नाही. तेव्हा मात्र त्याच्यासमोर कुणी साधं खोकलं तरी तो खोकून दाखवायचा.

त्या गावात म्हाळू नावाचा माणूस राहायचा. जातीचा कुंभार, पण बोटांपेक्षा गळा बरा म्हणून गावानं त्याला चाकावरून उठवलं आणि सभेची हाक द्यायचं काम दिलं. म्हाळू हाकाऱ्याची हाक ऐकून परगावी निघालेला माणूस अर्ध्या वाटेतून माघारी फिरायचा, असं म्हणतात. विहीर कुठं खणायची, वाट कुठून काढायची, काहीही ठरवायचं असलं तरी साळशेतची रीत एकच. म्हाळूनं दारात उभं राहून हाक मारायची आणि आतून "ओ" आला की पुढच्या दारी जायचं. एकदा ओ दिला की ते घर सभेला येवो न येवो, ठरेल ते त्याला मान्य असं धरायचं. एका घराचा ओ राहिला तरी सभा खोळंबायची. बहिऱ्या ठकूबाईच्या तर कानाशी जाऊन ओरडावं लागे, आणि ओ देण्याआधी ती म्हाळूच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. तरी तिचा ओ घेतल्याशिवाय तो हलत नसे.

एका उन्हाळ्यात ओढा पार आटला. पाणी अडवायला बांध घालू, असं पाटलांच्या मनानं घेतलं. त्यांनी जागाही हेरली होती, खालच्या आळीच्या बरोबर वर. खालची आळी म्हणजे ओढ्याकाठची कुंभारांची घरं. म्हाळूची एकुलती लेक भिवरा तिथंच दिली होती.

सभेच्या दिवशी म्हाळूच्या पायातला काटा चिघळला होता. वरची घरं त्याने लंगडत केली. खालच्या आळीची उतरण मात्र त्याला झेपेना. तो टोकावर उभा राहिला आणि तिथूनच ओरडला, "सभा हाय! सभंला चलाऽ, ओऽऽ!"

समोरून आवाज आला, "ओऽऽ!"

खालची आळी त्या दिवशी घरी नव्हतीच. जत्रेसाठी मडकी घेऊन सगळे घाटापलीकडे गेले होते. तो ओ कड्याचा होता. पण पारावर बसलेल्या गावानं तो ऐकला, पाटलांनी मान डोलावली आणि बांधाची जागा ठरली.

कुंभार परतले तेव्हा बांधाच्या जागी दगड पडू लागले होते. भिवरा धावत बापाकडे आली.

"आबा, आमी ओ दिलाच न्हाई. तिथली माती पिढ्यान्‌पिढ्या आमीच मडक्यांना उकरून न्हेलीया. जमीन पोकळ हाय. त्यावर बांध टिकंल का? पाटलांना सांगा, ओ आमचा न्हवता."

म्हाळूला सगळं कळलं. पण हाकाऱ्या एकदा खोटा ठरला तर पुन्हा आपल्या हाकेला कोण ओ देईल, या भीतीनं त्याची जीभ रेटेना.

"म्या माज्या कानांनी ऐकलाय," तो म्हणाला.

भिवरा पदर सावरून घरी गेली. कुंभारांनी पाटलांपुढे हात जोडले, पण गावानं ऐकलेला ओ मोठा ठरला.

पावसाळ्यात पाणी तुंबलं. गाव बांधावर जाऊन नारळ फोडून आलं. मग एका दिवेलागणीला बांधाखालची जमीन खचली आणि सगळं पाणी खालच्या आळीवरून गेलं. कुणालाही हाक मारायला वेळ मिळाला नाही.

उजाडल्यावर म्हाळू त्याच टोकावर गेला. एकेका घराचं नाव घेऊन त्याने हाक दिली. शेवटी ओरडला, "भिवरेऽऽ, ओऽऽ!" झाडांची पानं गळून पडली, गाईंचे पान्हे आटले, असं म्हणतात. पण कड्यानं ओ दिला नाही. कालपर्यंत चिमणीचाही आवाज परत करणारा कडा त्या दिवशी मुका झाला, तो आजतागायत.

म्हाळू त्याच दुखऱ्या पायानं उतरण उतरला. भिवराचा उंबरा तेवढा राहिला होता. त्याच्यासमोर उभा राहून तो हळूच म्हणाला, "भिवरे, सभा हाय. तू म्हनशील तसं करू. घाई न्हाई बाळा, मी थांबतो." तो तिथून हललाच नाही. कुणी म्हणतं, त्याचा दगड झाला. कुणी म्हणतं, पुढच्या पुरात गेला. मला विचाराल तर तो अजून थांबलेला आहे.

साळशेतात आजही लांबून कुणी ओ देत नाही. हाक आली तर माणूस चालत जवळ येतो आणि मगच तोंड उघडतो. नळ कुठून न्यायचा, शाळा कुठं बांधायची, काहीही ठरवायचं असलं तरी एक जण दारोदार जाऊन हाक देतो. त्याला अजून म्हाळूच म्हणतात, बाई असली तरी. शेवटी तो ओढ्यात उतरतो, त्या उंबऱ्यासमोर चपला काढतो आणि खालच्या आळीतल्या घरांना नावानं हाक मारतो.

परवा पाण्याची टाकी बांधायला तालुक्याचे साहेब आले होते. पारावर सगळे बसलेले बघून म्हणाले, "आलेत ना सगळे? मग करूया सुरू."

एक म्हातारी म्हणाली, "जरा दम धरा, साहेब. खालची आळी यायची हाय."

साहेबांनी उतरणीकडे पाहिलं. तिथं कुणीच नव्हतं. तरी सगळं गाव तिकडे तोंड करून गप्प बसलं होतं, म्हणून तेही बसले.