मण्याखालचा दोरा

एकदा एका वृद्ध पटवेकऱ्याने भर दुकानात आपल्याच शिष्येचं मंगळसूत्र कात्रीने कापलं, आणि तेही चांगलं लखलखत असताना. दुकानात तेव्हा चार बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने तर उठून चपला पायात सरकवल्या, इतकं तिला ते अशुभ वाटलं.

सोनार दागिना घडवतो आणि पटवेकरी तो रेशमात ओवून, गाठी मारून, गळ्यात घालण्याजोगा करतो. या पटवेकऱ्यांना सारी पेठ आप्पा म्हणे. वय पंच्याहत्तर, हात स्थिर, नजर तीक्ष्ण आणि तोंडात एकही दात नाही. कवळी होती, पण खालची फार हलते म्हणून ती डबीतच पडून असे, आणि आप्पा दोन्ही वेळा गुरगुट्या भातावर समाधान मानत. स्तुती करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शिष्येने गाठवलेला हार ते उलटसुलट पाहत, नुसतं ‘हं’ म्हणत आणि खाली ठेवत. त्या एका ‘हं’वर तिचा आठवडा आनंदात जाई.

शिष्येचं नाव प्रमिला. वय चाळिशीच्या आसपास. सात वर्षं ती आप्पांच्या हाताखाली काम करत होती. बाई मोठी हसरी. तिचं हसू तीन दुकानं पलीकडे ऐकू जाई. पण त्याच वर्षांत एका दुपारी नवऱ्याच्या स्कूटरवरून ती पडली आणि समोरचे वरचे दोन दात गेले. त्यानंतर ती तोंडावर हात ठेवून बोलू लागली. हसणं तर थांबलंच. तीन वर्षं ही अवस्था होती. अखेर तिने हाडात स्क्रू बसवून त्यावर कायमचे दात लावून घेतले. त्या सगळ्याला आठ महिने लागले. दात बसले त्या दिवशी ती दुकानात आली आणि कुठल्याशा फालतू गोष्टीवर अशी खदखदून हसली, की आप्पांच्या हातातली मण्यांची ताटली कलंडली. मणी वेचायला त्यांना अर्धा तास लागला, आणि ते एका शब्दाने रागावले नाहीत.

हे हसू पुन्हा जायची वेळ आली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

दात बसवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला बरंच काही बजावलं होतं. मऊ ब्रश, फटीत फिरवायचा बारीक ब्रश, दातांचा दोरा, दर सहा महिन्यांनी तपासणी. प्रमिलाने मान डोलावली आणि घरी येऊन सगळं बासनात गुंडाळलं. तिचं म्हणणं असं, की खरे दात किडतात म्हणून त्यांना जपायचं. हे धातूचे. यांना कीड लागणार कुठून? ती सकाळी समोरून दोनदा ब्रश फिरवी, आरशात दातांची चमक पाही आणि कामाला लागे. सहामाही तपासणीलाही ती गेली नाही. दुखत नसताना दवाखान्याची पायरी कोण चढतो? आपल्यापैकी कितीजण चढतात, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं आणि मगच तिला नावं ठेवावीत.

त्या दिवशी ती पांढऱ्या रेशमात मोत्यांची कंठी गाठवत होती. शेवटची गाठ बसली आणि तिने दोरा दातांनी तोडला. या सवयीवरून आप्पा तिला सात वर्षं ओरडत आले होते. आताही ओरडणार, तोच त्यांची नजर दोऱ्याच्या टोकाकडे गेली. पांढऱ्या रेशमावर लाल ठिपका होता.

“दुखतंय का?” त्यांनी विचारलं.

“काय? दात? छे हो आप्पा, अजिबात नाही.”

“मग हे रक्त?”

“येतं कधीमधी. ब्रश करतानाही येतं थोडं.” ती हसली. “आप्पा, हे दात किडत नसतात. मी मरेन, पण हे तसेच राहतील.”

आप्पांनी तिच्या हातातली कंठी घेऊन बाजूला ठेवली. त्यांनी हळदीत बुडवलेला एक दोरा घेतला, त्यात हळकुंड बांधलं आणि तिच्या हातात दिलं. “हे गळ्यात घाल आणि मंगळसूत्र काढून दे.”

मंगळसूत्र नव्याने गाठवायचं असेल तेव्हाच गळ्यात हळकुंड बांधतात. प्रमिला गोंधळली. “पण माझं चांगलं आहे की. मागच्याच आठवड्यात वाट्या उजळून आणल्यात.”

“दे.”

तिने दिलं. वाट्या खरोखरच झळझळत होत्या, काळे मणी तुकतुकीत होते. आप्पांनी क्षणभर ते कपाळाला लावलं आणि मधोमध कात्री चालवली.

प्रमिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. “आप्पा! अहो, हे काय केलंत? माझं काही चुकलं असेल तर तोंडाने सांगायचं होतं!”

आप्पांनी मणी ताटलीत ओघळू दिले आणि उघडा पडलेला दोरा तिच्या तळहातावर ठेवला. “ओढ.”

तिने दोन बोटांनी हलकेच ओढला. दोरा तुटला. पुन्हा ओढला, पुन्हा तुटला. मण्यांच्या आत तो काळपट, चिकट झाला होता आणि त्याला कुबट वास येत होता. वर्षाला शेकडो मंगळसूत्रं गाठवणाऱ्या त्या बाईने स्वतःच्या गळ्यातलं कधी उलटून पाहिलं नव्हतं.

“मला तुझ्या दातांतलं काही कळत नाही,” आप्पा म्हणाले. “मला दोरा कळतो. सोनं कुजत नाही. मणीही कुजत नाही. म्हणून बायका सोनं उजळतात आणि निर्धास्त राहतात. पण घाम, तेल, पावडर, सगळं जाऊन बसतं मण्याच्या आत, दोऱ्यावर. तिथं कुणी बघत नाही, आणि दोराही बोंब मारत नाही. मग एक दिवस बाजारात मणी सांडतात आणि बाई रडत येते, की आप्पा, कालपर्यंत चांगलं होतं हो! कालपर्यंत सोनं चांगलं होतं, पोरी. दोरा कधीच संपला होता. तुझा तो स्क्रू कुजायचा नाही, कबूल. पण तो उभा कशात आहे?”

“हिरडीत,” ती हळूच म्हणाली. “हाडात.”

“ते धातूचं आहे का?”

“नाही. माझं आहे.”

“मग बघ काय ते.”  मग त्यांनी स्वतःच्या बोळक्या तोंडाकडे बोट दाखवलं. “पन्नास वर्षं मी जगाच्या मण्यांखाली बघत आलो. या तोंडात बघायचं राहून गेलं. माझंही रक्तच यायचं. दुखत नव्हतं. मग एकेक करत सगळे हलले आणि गेले. तुझं जाऊ देणार नाही मी.”

प्रमिला त्याच पावली दवाखान्यात गेली, गळ्यातल्या हळकुंडासह.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, एक्स-रे काढला आणि खुर्ची तिच्या जवळ ओढून बसल्या. “हिरडी चांगलीच सुजली आहे. पण नशीब चांगलं, हाड अजून शाबूत आहे. आणखी काही महिने असेच गेले असते, तर हाड झिजायला लागलं असतं. ते गेलं की स्क्रू हलतो आणि काढावा लागतो. या दाताला नस नाही हो, तो दुखून सांगायचा नाही. दुखायला लागतं तोवर बहुतेक उशीर झालेला असतो. आत्ता मी साफ करून देते. पुढचं तुमच्या हातात.”

त्यांनी दातांचा खास दोरा काढून दाखवला. दाताच्या एका बाजूने आत घालायचा, मागून वळसा घेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर काढायचा आणि हिरडीच्या कडेशी अलगद मागेपुढे सरकवायचा. ओढाताण करायची नाही. टाचणी, सुई, कुठलंही धातूचं टोक तिथे न्यायचं नाही. ब्रश मऊ, आणि तो हिरडीच्या रेषेवर तिरका धरायचा, समोरून तसाच मागूनही. हे सकाळी आणि झोपण्यापूर्वी.

एवढं सांगून त्यांनी दोरा तिच्या हातात दिला. लोकांना हे जमायला चार-पाच खेपा लागतात. प्रमिलाने पहिल्याच झटक्यात वळसा घातला, दोरा सरकवला, बाहेर काढला आणि सवयीने उजेडात धरून त्याचा एखादा तंतू मागे अडकला का ते पाहिलं. डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. “तंतू राहिला तरी हिरडी सुजते,” त्या म्हणाल्या, “पण हे मी तुम्हाला अजून सांगितलंच नव्हतं.”

संध्याकाळी आप्पांनी तिचं मंगळसूत्र नव्या दोऱ्यात गाठवून दिलं. पहिले काही दिवस दातांचा दोरा लाल निघे. तिला भीती वाटे, पण तिने सोडलं नाही. पाहुणे असोत, अंगात कणकण असो, लग्नातून थकून आलेली असो, दोरा फिरवल्याशिवाय ती अंथरुणावर पडली नाही. तिसऱ्या आठवड्यात दोरा पांढरा निघाला. तिने तो नवऱ्याला दाखवला. त्याला त्यात काय विशेष ते कळलं नाही, तरी बिचारा ‘वा वा’ म्हणाला.

तीन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे निघाला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, निरखून पाहिले आणि मोठ्याने म्हणाल्या, “जिंकलात! हाड तसूभरही झिजलेलं नाही. हिरडी अशी, की वर्गात दाखवावी. आता पुढच्या तपासणीला मात्र चुकायचं नाही.”

प्रमिला तो फोटो हातात नाचवत पेठेतून आली. वाटेत भेटेल त्याला दाखवत होती, आणि हसत होती अशी, की कापडवाला गिऱ्हाईक सोडून बाहेर आला. दुकानात शिरून तिने फोटो आप्पांसमोर धरला. आप्पांनी चष्मा चढवला, फोटो उलटा, सुलटा, पुन्हा उलटा पाहिला. त्यातलं त्यांना ओ की ठो कळलं नाही. पण आयुष्यात प्रथमच ते ‘हं’ म्हणाले नाहीत. “शाब्बास, माझे आई!” ते ओरडले आणि समोरच्या दुकानातून पेढे मागवले.

त्यांनी आपल्या वाट्याचा पेढा बोटांनी कुस्करायला घेतला आणि प्रमिलाचं हसू एकदम थांबलं. “आप्पा,” ती म्हणाली, “उद्या दुकान बंद ठेवायचं. मी विचारून आलेय. खाली दोन स्क्रू बसले तरी कवळी हलणार नाही म्हणाल्या डॉक्टर. वयाचा प्रश्न नाही. हाड पुरेसं आहे का, तेवढं बघायचंय.”

“या वयात? कशाला गं?”

“माझं तुम्ही जाऊ दिलं नाहीत. आता तुमचं मी बघणार.”

हाड पुरेसं निघालं. वर्ष सरायच्या आत आप्पांनी दुकानाच्या पायरीवर बसून एक अख्खा पेरू कडकडून खाल्ला. गुरगुट्या भातावर दिवस काढणारा तो म्हातारा मिटक्या मारत होता, आणि अर्धी पेठ जमून टाळ्या वाजवत होती. आप्पांनी दुसऱ्या पेरूला हात घातला.

“आधी कवळी काढून धुवा,” आतून प्रमिलाचा आवाज आला. “आणि खालचे ते दोन स्क्रूचे खुंट?”

“सकाळी घासलेत की.”

“मागच्या बाजूने?”

 टाळ्या थांबल्या. ज्यांच्या नुसत्या ‘हं’साठी माणसं आठवडाभर वाट पाहत, ते गृहस्थ पेरू खाली ठेवून निमूट उठले आणि मऊ ब्रश घेऊन मोरीकडे गेले. चेहऱ्यावर मात्र असं समाधान होतं, की शिष्येने गुरूला शिकवावं यासाठीच जणू त्यांनी इतकी वर्षं दुकान चालवलं होतं.

आज झोपण्यापूर्वी वाचकांनीही आपले दात मागच्या बाजूने घासावेत, आणि हिरडी काय म्हणते ते एकदा बघावं.