बायडाक्काचं दातवण

फार वर्षांपूर्वीची ही हकिकत. हिवरदरीला तेव्हा सडक नव्हती आणि दवाखाना तर कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता. त्या काळात गावाच्या अगदी कडेच्या घरात बायडाक्का राहायची आणि सगळ्या पंचक्रोशीसाठी मिसरी भाजायची.

तंबाखूची पानं ती तव्यावर काळीभोर होईपर्यंत परतायची, खलात कुटायची, जुन्या लुगड्याच्या पदरातून चाळायची. सकाळी उठल्या उठल्या बायका ती मिसरी बोटावर घेत आणि दातांवर घासत उंबऱ्यावर टेकत. दिवसभराच्या रामरगाड्यात बाईमाणसाला तेवढीच काय ती टेकायची सवड. बायडाक्काच्या हाताला गुण होता. तिची मिसरी लावली की डोक्यावरचा भारा उतरल्यागत वाटायचं, असं म्हणतात. लांबलांबच्या वस्त्यांवरून बायका यायच्या, ओटीतून पायलीभर जोंधळा आणायच्या आणि पुडी घेऊन जायच्या. नवरा तरणाच गेला होता. ह्या मिसरीवरच बायडाक्काचं घर चाललं होतं, आणि मिसरीवरच तिनं लेक वाढवली होती.

लेकीचं नाव चिमा. चिमा हसरी होती. इतकी, की ओढ्यावर धुणं धुताना ती हसली तर वरच्या माळावरचे मेंढके मान वळवून बघायचे. भरल्या कणसात दाणे बसावेत तसे तिचे दात. पण ती लहान असताना एकदा रडत आली, म्हणाली दाढ दुखतेय. बायडाक्काचा तवा चुलीवर होता, हात रिकामा नव्हता. तिनं लेकीच्या बोटावर चिमूटभर मिसरी ठेवली आणि म्हणाली, "लाव तिथं. बधिर हुईल." ठणका थांबला. चिमा खेळायला पळाली. पुन्हा दुखलं, पुन्हा मिसरी लावली. असं करता करता तिला सवय लागली, आणि दाढेचं दुखणं आतल्या आत मुरत राहिलं.

चिमाचं लग्न झालं. सासर ओढ्यापल्याड, डोंगराच्या कुशीत. माहेराला आली की परतताना आईच्या हातची पुडी कमरेला लावून जायची. पुढं तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं.

"आये, चूळ भरली की रगात येतंय," ती म्हणाली. "हिरड्या कशा भुसभुशीत झाल्यात बघ."

"पोटुशीपणात येतं रगात. मलाबी आलं हुतं."

"दाढबी लई ठणकतीया गं. रातचं डोळ्याला डोळा लागत न्हाई."

बायडाक्का हसली. "दातच हाय की. दातानं कुणी मेलंय व्हय? मिसरी जरा वाढव."

चिमा गेली. बैलगाडीत बसताना तिनं गालाला पदर लावला होता. तो बायडाक्काला दिसला, पण उन्हासाठी लावला असेल असं तिला वाटलं.

काही दिवसांनी तीच गाडी परत आली. ह्या वेळी चिमा आत निजून होती. एका बाजूचा गाल वांग्यासारखा सुजून चकाकत होता, सूज हनुवटीखालून गळ्यात उतरली होती. तोंड उघडत नव्हतं. पाणी पाजावं तर कडेनं ओघळून जात होतं. अंग तापल्या तव्यासारखं. गावाबाहेर तेव्हा वैदूंचं पाल पडलं होतं. बायडाक्का अनवाणी धावत गेली आणि म्हाताऱ्या वैदूला हाताला धरून घेऊन आली. त्यानं गळा चाचपला, डोळ्याची पापणी वर करून बघितली, आणि हात मागं घेतला.

"दाढेचा पू गळ्यात उतरलाय, माय. आता माझ्या झोळीत काय न्हाई. दाढ किडली तवाच बघाय पायजे हुती."

"आरं, पर दाढच की ती!" बायडाक्का ओरडली.

वैदूनं झोळी उचलली.

दिवस मावळायच्या आत चिमा गेली. पोटातलं पोर तिच्याबरोबर गेलं. मरताना तिला काहीतरी बोलायचं होतं, असं म्हणतात. पण जबडा मिटलेला होता. ते काय होतं ते बायडाक्काला जन्मभर कळलं नाही.

चिमाचे दिवस झाले, पाहुणे पांगले. सकाळी बायका नेहमीसारख्या पुडीला आल्या, तर चूल थंड होती. बायडाक्का दारात उभी होती.

"आज पुडी न्हाई. उद्याबी न्हाई."

"दुखवटा हाय, आमी समजतो," शेजारची साळूबाई म्हणाली. "पुढल्या आठवड्याला येतो."

"पुढंबी न्हाई. मिसरीचा तवा मी डोहात टाकला."

बायका चिडल्या. साळूबाई तर भर रस्त्यात म्हणाली, "स्वतःची लेक सांभाळता आली न्हाई, त्येचा राग आमच्यावर?" ते ऐकून बायडाक्कानं मान खाली घातली. तिला ह्यात खोटं काहीच दिसलं नाही.

ती पुन्हा वैदूच्या पालावर गेली. म्हणाली, "मेल्यावर काय करायचं ते मला ठावं हाय. दुखायच्या आधी काय करायचं ते सांग."

वैदूनं तिला बाभळीखाली नेलं. हिरवी, बोटाएवढी जाड काडी तोडून दाखवली. टोक चावून चावून कुंचल्यासारखं कसं करायचं, दात कसे घासायचे, हिरडीवरून हात किती हलका फिरवायचा, ते शिकवलं. जेवल्यावर प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरायची. निजायच्या आधी दात घासल्याशिवाय अंग टाकायचं नाही. हिरडी सुजली तर मिठाच्या कोमट पाण्यानं शेकायची. दाढेवर काळा ठिपका दिसला तर ठणक्याची वाट बघायची नाही, जाणत्याकडं जायचं. आणि मिसरी, तंबाखू तोंडाला लावायची नाही. ती दुखणं बरं करत नाही, नुसतं झाकून ठेवते.

ह्या शेवटच्या शब्दावर बायडाक्कानं बाभळीचं खोड दोन्ही हातांनी धरलं. मग तिनं दातवणासाठी पदरभर काड्या तोडल्या.

दुसऱ्या दिवसापासून तांबडं फुटलं की ती पदरात दातवणं घेऊन घरोघर जाऊ लागली. उंबऱ्याशी उभी राहायची, लेकराची हनुवटी धरायची आणि म्हणायची, "आ कर." तोंडात नीट बघायची. मग हातात काडी द्यायची आणि ते घासून होईपर्यंत हलायची नाही. लोकांनी दारं लावून घेतली. कुणी कुत्री सोडली, कुणी पाणी फेकलं. पोरं तिच्या मागं "दातवणी, दातवणी" ओरडत फिरली. बायका म्हणाल्या, जिनं आमच्या तोंडाला काळं लावलं तीच आता धुवायला आलीय. बायडाक्का म्हणायची, "व्हय बायांनो, मीच लावलं. म्हणूनच आलेया. आ कर."

चिमाचं नाव ती कधी काढायची नाही. पण पोटुशी पोर दिसली की ती पदरातली दातवणं खाली ठेवायची. त्या पोरीचं तोंड ती फार वेळ बघायची, आणि दाढा चांगल्या निघाल्या तर तिच्या गालावर आपला गाल टेकवून तशीच उभी राहायची. पोरींना कळायचं नाही की म्हातारी हसतेय का रडतेय.

एका सकाळी साळूबाईच तिच्या दारात आली. ओठाला पदर, पदराला रक्त. हिरड्या सुजून दात हलायला लागले होते. जुनं बोलणं दोघींनाही आठवत होतं. बायडाक्कानं चुलीवर पाणी ठेवलं, मीठ टाकलं. "मिसरी सुटंल का?" तिनं विचारलं. साळूबाई म्हणाली, "न्हाई सुटली तर?" बायडाक्का म्हणाली, "तर रोज माझ्या दारात येऊन बस. तलफ आली की माझा हात धर." साळूबाई रोज येऊन बसली. तलफ आली की ती बायडाक्काचा हात इतका घट्ट धरायची की बोटांचे वळ उठायचे. पाऊसकाळ सरता सरता रक्त थांबलं, हलणारे दात घट्ट बसले. मग हळूहळू सगळी दारं उघडली. पुढं पुढं असं झालं म्हणतात, की यात्रेत हिवरदरीचं माणूस नुसतं हसण्यावरून ओळखू यायचं.

बायडाक्काचे स्वतःचे दात मात्र राहिले नाहीत. तरुणपणापासून लावलेल्या मिसरीनं हिरड्या आतून खाल्ल्या होत्या. एकेक करत सगळे पडले. पोरं विचारायची, "आक्के, तुझं दात कुठं गेलं?" ती म्हणायची, "मी उशिरा उठले, बाबांनो."

मग तो दुष्काळ आला. आजही म्हातारी माणसं त्याचं नाव काढत नाहीत. एका वर्षी पाऊस आला नाही, पुढल्या वर्षीही आला नाही. धान्याची पेवं रिकामी झाली, गुरं खुट्याला मेली. लोकांनी चिंचोके भाजून खाल्ले, बाभळीच्या वाळक्या शेंगा चावल्या, माळावरची दगडासारखी कंदमुळं उकरून खाल्ली. आजूबाजूच्या गावांत ज्यांचे दात गेले होते ती माणसं पुढ्यात चिंचोका असून उपाशी राहिली. हिवरदरीची माणसं मात्र चावत राहिली. चावून चावून जगली.

बायडाक्काला चावता येत नव्हतं. साळूबाई रोज उखळात मूठभर चिंचोके कुटून त्याचं पीठ तिला आणून द्यायची. बायडाक्का वाटी घ्यायची, म्हणायची, "खाते मागनं. तू जा." साळूबाई जायची. रोज वाटी रिकामी परत मिळायची.

म्हातारी वाळत चालली होती. पण त्या दिवसांत वाळलं कोण नव्हतं? कुणाला काही वाटलं नाही. एका सकाळी ती दातवणं घेऊन आली नाही. साळूबाई धावत गेली. बायडाक्का भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्याभोवती गावातली सगळी बोबडी पोरं गोळा झाली होती. दुधाचे दात पडलेली, नवे अजून न आलेली, तोंडात खिंडारं असलेली.

"काय करताय रं हितं?" साळूबाईनं विचारलं.

एक पोरगी म्हणाली, "आक्का आमाला पीठ देती. रोज. कुनाला सांगू नगा म्हनली. आज उठंना."

साळूबाई तिथंच बसली. बायडाक्काचा हात तिनं हातात घेतला आणि धरून ठेवला. ह्या वेळी त्या हातानं उलट तिचा हात धरला नाही.

पोटाला नसताना गावानं तिला खांद्यावर नेलं. लाकूडफाटा कुठून आणला देव जाणे. तिसऱ्या दिवशी सावडायला गेले, राख बाजूला केली, तर राखेत दात निघाले, असं म्हणतात. वरची ओळ आणि खालची ओळ, एकही कमी नाही, मोगऱ्याच्या कळ्यांसारखे पांढरे, जाळ न लागलेले. जिच्या तोंडात एक दात नव्हता तिच्या राखेत पुरी बत्तिशी. साळूबाईनं ते बघितलं आणि टाहो फोडला, "ह्ये तिचं न्हाईत गं! ह्ये चिमाचं हाईत!" मग कुणी त्यांना हात लावला नाही. राखेसकट ते माळावर पुरले. त्या वर्षी पाऊस आला आणि तिथं बाभूळ उगवली. बी कुणी टाकलं नव्हतं. बघता बघता सगळा माळ बाभळीनं भरला. त्या बनाला बायडाक्काचं बन म्हणतात. तिथल्या झाडाची काडी तोडताना माणसं आधी झाडाला हात लावून "आक्के, घेतो गं" म्हणतात.

आता गावात सडक आली. पोरं ब्रश वापरतात, तालुक्याला दाताचा डॉक्टर आहे. पण हिवरदरीत आजही कुणी मिसरी भाजत नाही. लेकराची दाढ दुखली तर हातातलं काम तसंच टाकून बाप त्याला घेऊन निघतो, पेरणी असो नाहीतर लगीन. आणि गावची मुलगी सासरी निघाली, की वाजंत्री थांबतात. आई पुढं होते, लेकीची हनुवटी धरते आणि म्हणते, "आ कर." परगावच्या वऱ्हाडाला हसू येतं. गावातलं कुणी हसत नाही. भर मांडवात, शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली ती पोर डोळ्यांतून पाणी गाळत मोठा आ करते, आणि आई तिच्या दाढा एकेक करून, अजिबात घाई न करता, बघून घेते.