निळ्या फुलांची मेंदी

झाडं माणसांशी बोलत आणि माणसं ते ऐकूनही घेत, त्या काळची ही गोष्ट. ठकूबाईने मळ्याभोवती मेंदीच्या काड्या लावून नवं कुंपण केलं होतं. कोपऱ्यातल्या धाकट्या मेंदीवर मात्र एक रानवेल चढली. रोज पहाटे तिच्या अंगावर निळी फुलं उमलत, आणि अर्धवट झोपेतल्या मेंदीला वाटे, मीच फुलले!

एके दिवशी ठकूबाई खुरपं घेऊन आली, तशी मेंदी कळवळली, "आजी, माझी फुलं तोडू नकोस गं!"

"तुझी? अगं, या वेलीखाली तुझं एक पान तरी हिरवं राहिलंय का?" असं म्हणत ठकूबाईने वेल मुळासकट उपटली. ती पुन्हा रुजू नये म्हणून मुळं आभाळाकडे करून मेंदीच्याच बुंध्याशी पसरली. मेंदी उघडीबोडकी उभी राहिली. ठकूबाईवर ती रुसलीच.

वेल वाळली, कुजली, तिची माती झाली. मेंदीच्या अंगाला ऊन लागलं. हळूहळू पालवी अशी दाटली की शेळीला तोंड घालायला फट उरली नाही.

पुढच्या वर्षी एका संध्याकाळी सारा मळा कसल्याशा गोड वासाने भरून गेला. पेंगुळलेल्या मेंदीने शेजारणीला विचारलं, "हा वास कुणाचा गं?"

शेजारीण हसली. "स्वतःच्या शेंड्याकडे बघ की!"

शेंड्यावर तांदळाच्या कणीएवढी पांढुरकी फुलं होती. त्यांतलं एकही निळं नव्हतं.