कोंडाईची ओंजळ

घाटातून गाडीरस्ता नव्हता, नुसती पायवाट होती, आणि ती पायवाटही माणसांपेक्षा बैलांनाच जास्त पाठ होती, तेव्हाची ही गोष्ट. घाटमाथ्यावर करवंदमाळ नावाचं गाव होतं. गाव ते काय, उतारावर पिकणारी नाचणी, थोडी वरई आणि पावसाळा आला की खालच्या पेठेशी तुटणारी वाट. त्या गावात कोंडाई राहायची. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी हिचं नाव कोंडा ठेवलं. कोंड्याला कोण हात लावतो, काळही लावणार नाही, असा त्यांचा हिशेब. तो हिशेब बरोबर निघाला. कोंडाई एवढी जगली, की तिच्यासमोर उगवलेली झाडं तिच्यासमोर म्हातारी झाली, असं म्हणतात.

तिचा नवरा गोंदा सुतार. हात असा, की त्यानं बसवलेलं दार ओळखीचं माणूस आलं की आपलं आपण उघडायचं, असं म्हणतात. हे खरं मानायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पण त्याच हातानं एक वाईट काम केलं, ते मात्र खरं.

पेठेत दामूशेट नावाचा सावकार होता. पावसाळ्याच्या तोंडावर तो बैलांवर नाचणी लादून वर यायचा, उंबराखाली बसायचा आणि पायलीनं मोजून उधार द्यायचा. पायली म्हणजे धान्य मोजायचं लाकडी माप. सुगी झाली की तो पुन्हा यायचा आणि पायलीनं मोजून परत घ्यायचा, वर सवाई. चार नेल्या तर पाच द्यायच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मान्यही होतं. पण चाराला पाच देऊन झाल्या, तरी घरातली नाचणी त्याहून कितीतरी जास्त उपसली जायची. पोरं म्हणायची उंदरांनी खाल्ली. म्हातारे म्हणायचे नशिबानं खाल्ली. शेट काहीच म्हणायचा नाही, तो बैल हाकायचा.

गोंदा सुतार आजारी पडला आणि उठेना, तेव्हा त्यानं कोंडाईला जवळ बसवलं.

"शेटच्या दोन्ही पायल्या माझ्या हातच्या हायत," तो म्हणाला. "भायेरनं सारख्याच दिसतात. द्यायच्या पायलीचं बूड जाड हाय, घ्यायच्या पायलीचं पातळ. त्यानं सांगितलं तशा केल्या. मला कळत हुतं, कोंडे. त्या साली घरात काय नव्हतं, म्हनून केल्या. गावाच्या ताटातलं माझ्या हातानं गेलं. ते भरून काढ."

"काढीन," कोंडाई म्हणाली. तेवढ्यावर गोंदानं डोळे मिटले.

गावाला सगळं सांगून टाकावं, असं तिला फार वाटलं. पण नवऱ्याची राख अजून ऊन होती. गाव त्याच्या नावावर थुंकेल, हे तिला सोसवेना. म्हणून तिनं ठरवलं, बोलायचं नाही, करून दाखवायचं. शेटकडे जायची गरजच गावाला उरली नाही, तर त्याच्या पायल्या आपोआप पडून राहतील.

पावसाळा तोंडावर आला तशी ती स्वतःची नाचणी आणि घरातली साधी पायली घेऊन दारात बसली. व्याज नाही, सवाई नाही, पायलीला पायली. झुंबड उडेल असं तुम्हाला वाटलं ना? कुणीही आलं नाही. गावाला फसवून घ्यायची इतकी सवय झाली होती, की सरळ व्यवहार दिसल्यावर अंगावर काटा यायचा. व्याज न घेणारी बाई दुसरंच काहीतरी घेत असणार, पोरांचं आयुष्य घेत असेल, इथवर बोलणं गेलं. शेजारची हौसा तर तोंडावर म्हणाली, "काकी, शेटच्या मापाला आमी सवयीनं भितो. तुज्या मापाला नव्यानं भ्यावं लागंल. सुताराच्याच घरचं माप ते."

हौसाला काही ठाऊक नव्हतं, ती आपली बोलून गेली. पण कोंडाईच्या काळजात ते घुसलं. तिनं काय करावं? दारातली पायली उचलली, चुलीत घातली आणि तिच्या जाळावर भाकरी भाजली. गाव त्या साली शेटकडेच गेलं.

मग सुगी झाली. शेट आपलं घेऊन खाली उतरला, आणि कोंडाई पदर पसरून घरोघर निघाली. लोकांना वाटलं, बिचारी विधवा, मागत फिरते. हौसा मूठभर नाचणी घालायला आली.

"भीक नगं," कोंडाई म्हणाली. "उसनं दे. तुज्या वंजळीनं दे. पावसाळ्यात लागंल तवा तुज्याच वंजळीनं परत ने."

उसनं म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? विरजण उसनं जातं, विस्तव उसना जातो. आणि ओंजळ तर ज्याची त्याचीच, तिला कुठून आलं जाड बूड? ज्याच्याकडे बरं होतं त्यानं खूप ओंजळी दिल्या, ज्याच्याकडे नव्हतं त्यानं एकच दिली. पण एकही दार तिनं सोडलं नाही. कुणाकडून घेतल्याशिवाय त्याला द्यायचं नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. ज्यानं एक ओंजळ दिली, तोही सावकार झाला, आणि सावकाराला मागताना मान खाली घालावी लागत नाही.

तिच्या पडवीत बांबूची मोठी कणगी होती, शेणानं सारवलेली. ती भरली. पावसाळ्यात लोक यायला लागले. कोंडाई कणगीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून जात्यावर बसायची. कोण आलं, किती नेलं, ती बघायची नाही. घेताना घरची ओंजळ, फेडताना घरची ओंजळ, आणि किती नेल्या ते ज्याचं त्यानं लक्षात ठेवायचं. आपण दिलं त्याहून जास्त लागलं तरी न्यायचं. कणगीत हात घातला, की तळातली नाचणी आपण होऊन वर यायची, असं म्हणतात. त्या साली दामूशेट अर्धे बैल न उतरवता परत गेला.

आता म्हादबाचं ऐका. म्हादबा म्हणजे गावातला सगळ्यात दांडगा गडी. त्याचे हात सुपाएवढे. पावसाळाभर त्यानं त्या हातांनी ओंजळी नेल्या. सुगीला फेडायची वेळ आली, तेव्हा तो आपल्या चिंधीला घेऊन आला. चिंधी त्याची धाकटी लेक, अजून बोबडं बोलणारी. तिला त्यानं पुढं केलं.

"घरची वंजळ म्हनालीस ना काकी? ही बी घरचीच."

चिंधीनं ओंजळ भरली. त्यात चिमणीचं पोट भरलं असतं इतकी नाचणी. बापानं नेल्या तितक्या ओंजळी तिनं मोजून घातल्या, आणि कणगीचं बूडही झाकलं गेलं नाही. लोक चिडले. हौसा म्हणाली, "काकी, बोल की काईतरी."

कोंडाईनं भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. "तिचा हात आज येवडाच हाय," ती म्हणाली. "वाढंल."

झालं. म्हादबाला चालतं तर आपल्याला का नाही, म्हणून घरोघरची पोरं ओंजळी घेऊन आली. कणगी अर्धीसुद्धा भरली नाही. खाली पेठेत दामूशेटला बातमी लागली, तेव्हा तो पोटभर हसला. यंदा कणगी आषाढातच रिकामी होईल, मग हे सगळे माझ्याच पायऱ्या चढतील, आणि आता मी धान्यावर थांबणार नाही, जोडीतला एक-एक बैल गहाण घेईन, असं तो पेठेत सांगत सुटला. बैल गेला की उतारावरचं शेत गेलं, हे करवंदमाळच्या पोरालाही कळत होतं. गाव घाबरलं. कोंडाईलाही भीती वाटली, का नाही वाटणार? नवऱ्याला दिलेला शब्द त्या अर्ध्या कणगीत होता.

पाऊस लागला. पहिल्याच दिवशी म्हादबा आपले सुपाएवढे हात घेऊन कणगीशी आला.

"ज्या हातानं भरलं, त्याच हातानं घ्यायचं," भिंतीकडे तोंड करून कोंडाई म्हणाली.

"म्हंजी?"

"चिंधीला पाठव."

म्हादबा परत गेला आणि लेकीला घेऊन आला. त्याच्यामागून सगळ्या घरांची पोरं आली. कोंडाईनं पोरांना दटावलं नाही, घाई केली नाही. त्या चिमुकल्या ओंजळीच्या पिठात घरोघरी रानभाजी पडली, कंदमुळं पडली. चिंधीच्या ओंजळीची भाकरी थापली, की ती तव्याबाहेर जायची, असं म्हणतात. आषाढ सरला आणि कणगीत अजून नाचणी होती.

पावसानं जरा उघडीप दिली तशी दामूशेटला राहवेना. तो बैल लादून वर आला आणि उंबराखाली बसला. कुणी येईना. बघतो तर पोरं पडवीतून ओंजळी घेऊन घरी चाललेली. त्यानं चिंधीला अडवलं.

"या वंजळीवर गाव जगतंय व्हय गं?" तो मोठ्यानं हसला. "वत गं पोरी, माज्या पायलीत वत. दिसू दे समद्यांना, माप कशाला म्हंतात ते."

लोक जमले. कोंडाई पहिल्यांदाच भिंतीकडून उठली आणि बाहेर आली. शेटनं सवयीनं पुढं केली ती द्यायचीच पायली. चिंधीनं बापाकडे बघितलं, मग कोंडाईकडे बघितलं, आणि ओंजळ ओतली.

पायली भरली. काठोकाठ भरली, वर शीग आली आणि नाचणी शेटच्या मांडीवर सांडली. असं म्हणतात, आणि करवंदमाळमध्ये यावर कुणी वाद घालत नाही.

मग कोंडाई पुढं झाली. आवाज खणखणीत होता.

"पोरीच्या वंजळीनं भरली, कारन बूड जाड हाय तिचं. घ्यायच्या पायलीचं पातळ हाय. बघा दोनी. माज्या कारभाऱ्यानं घडवल्या त्या, आनि त्याला म्हाईत हुतं. त्यानं मरताना मला सांगितलं आनि मी तुमच्यापास्नं लपवलं. काय थुकायचं ते माज्या दारात थुका."

म्हादबानं शेटच्या गोणीतली दुसरी पायली काढली, दोन्ही उचलल्या, आत बोटं घालून बुडं चाचपली आणि शेटकडे बघितलं. हात उगारायची गरज पडली नाही. दामूशेट पायल्या तिथंच टाकून, बैल घेऊन जो उतरला तो पुन्हा वर आला नाही. कोंडाईच्या दारात कुणी थुंकलं नाही. हौसा आली, तिच्याशेजारी जात्याला बसली आणि खुंट्याला हात लावला. दोघी दळता दळता पोटभर रडल्या.

त्या सुगीला सगळ्यात आधी म्हादबा आला. एकटाच, लेकीला न घेता.

"नेलं चिंधीच्या हातानं," तो म्हणाला. "फेडतो माज्या हातानं."

त्यानं आपले सुपाएवढे हात भरले आणि ओतायला लागला. त्याच्यामागं सगळं गाव लागलं. व्याज कुणी मागितलं नव्हतं, पण कणगी इतकी भरली की पडवीत दुसरी उभारावी लागली.

वर्षं गेली. कोंडाई थकली, पण भिंतीकडे तोंड करून बसायचं तिनं सोडलं नाही. एका सुगीला चिंधी सासरहून आली, कडेवर स्वतःचं पोर. बापाचेच हात आले होते तिला. ती सरळ कणगीशी गेली, पोर खाली ठेवलं, बरोबर आणलेली नाचणी ओंजळीत घेतली आणि ओतली. लहानपणी कमी पडलं होतं ते सगळं ओतेपर्यंत थांबली नाही.

"काकी," ती म्हणाली, "हात वाढला बघ."

"बघितलं न्हाई," कोंडाई म्हणाली. "आवाजावरनं कळलं."

आणि तशीच बसल्या जागी, जात्यावर हात ठेवून ती गेली, असं म्हणतात.

आता घाटात डांबरी रस्ता आहे, पेठेत बँका आहेत आणि करवंदमाळमध्ये बायकांचा बचत गट आहे. शेटच्या दोन्ही पायल्या कोंडाईच्या पडवीत आहेत, एकीत कोंबडी अंडी घालते, दुसरीत दिवाळीच्या पणत्या ठेवतात. हल्ली नाचणीऐवजी नोटा लागतात. कुणाला दवाखान्याला, कुणाला शाळेच्या फीला, कुणाला शिलाई मशीनला. पण कर्ज देताना ते पैसे घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या ओंजळीत ठेवायचे, ही रीत अजून आहे. घरच्यांनी त्या हाताकडे बघायचं आणि तेवढंच मागायचं. फेडताना मात्र घरातले सगळ्यात मोठे हात येतात. पैसे घेणारी बाई भिंतीकडे तोंड करून बसते.

एखाद्याचं कमी पडतं. तो दारातच घुटमळतो, पायानं माती उकरत राहतो. ती बाई वळत नाही आणि किती कमी आहे ते विचारत नाही.

"ठेव तिथं," म्हणते. "हात वाढंल."