एका शिळेतले दोन देव

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो, आणि मोठ्यांनीही कान देऊन ऐकावी अशी आहे.

ग्रीकांच्या देशात समुद्रकाठी एक नगर होतं. टेकडीवर जैतुनाच्या बागा राखणारे राहत, खाली बंदरात खलाशी. टेकडीची देवी अथेना, बंदराचा देव पोसायडन.

दोन्ही वस्त्यांनी मिळून वेशीसाठी संगमरवराची एक भलीथोरली शिळा आणली. एका अंगाला देवी कोरायची, दुसऱ्या अंगाला सागरदेव. देवीचं काम मेलिताला मिळालं, सागरदेवाचं तिच्या गुरुबंधूला, थेरोनला.

आणि मग काय! छिन्न्या खणखणू लागल्या.

"मेलिते, तुझी देवी भिंतीवरच्या पालीसारखी चिकटलीय गं!" थेरोन पलीकडून ओरडे.

"आणि तुझा देव बुडालाय! ओढ त्याला बाहेर!"

खिजवणं वाढलं, तसं कोरणंही वाढलं. आपला देव उठून दिसावा म्हणून जो तो त्याच्यामागचा दगड आणखी खोल उतरवी.

एका सकाळी देवीच्या मस्तकाभोवतीचा दगड गुलाबी उजळला.

"तेज! देवीचं तेज प्रकटलं!" टेकडीवाले नाचू लागले. "पोरी, घे आणखी खोल!"

मेलिताच्या अंगावर काटा आला. असं तर कुणालाच साधलं नव्हतं! तिने हातोडा उगारला, आणि हात तिथेच थबकला. सूर्य तर थेरोनच्या बाजूला होता.

ती धावत पलीकडे गेली. "थांब, थेरोन! दगड शिंपल्याएवढा पातळ झालाय."

"हरलीस म्हण की!"

"हरले, बाबा. शंभरदा हरले. पण माझ्या बाजूला जाऊन बघ."

थेरोन हसत हसत गेला. मेलिताने सागरदेवाच्या मस्तकामागच्या दगडावर पंजा टेकवला. पलीकडे देवीच्या मस्तकाशी पाच बोटांची सावली उमटली. थेरोनचं हसू मावळलं. आणखी एक घाव, आणि दोन्ही देव मातीत गेले असते!

"अर्धवट सोडता?" लोक खवळले. दोघांनी छिन्न्या खाली ठेवल्या त्या ठेवल्याच.

शिळा वेशीवर उभारायच्या दिवशी दोन्ही वस्त्यांनी दोर ओढले. शिळा करकरली, डोलली, आणि ताठ उभी राहिली! त्या दिवसापासून सकाळी देवीचं मस्तक उजळे, आणि सूर्य कलला की सागरदेवाचं.

तात्पर्य: दोघांना तोलून धरणारा आधार पोखरून एकालाही मोठं होता येत नाही.